प्रॉपर्डिन आणि लगामाचा प्रश्न

लुई पिलेमर हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेले असण्याचे काही कारण नाही. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनाही ते सहसा ठाऊक नसते. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कॉम्प्लिमेंट नावाचे एक प्रकरण असते. त्यात तीन मार्गांची आकृती असते, सी-१ ते सी-९ ही प्रथिने बाणांनी जोडलेली असतात, आणि ती परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करून निकालाआधीच विसरायची असा रिवाज आहे. मी पॅथॉलॉजी शिकवतो, त्यामुळे हा रिवाज कसा टिकतो हे जवळून पाहतो. आकृती फळ्यावर दहा मिनिटांत काढून होते. तिच्यातला एकेक बाण सिद्ध करायला किती वर्षे गेली हे सांगायला तास पुरत नाही.

त्या आकृतीतला एक मार्ग, ज्याला पर्यायी मार्ग म्हणतात, पिलेमर यांनी दाखवला. १९५४ साली त्याचा गाजावाजा झाला, पुढच्या चार वर्षांत बहुतेकांनी तो मोडीत काढला, आणि १९७० च्या आसपास तो पुन्हा मान्य झाला. तोवर पिलेमर यांना जाऊन एक तप लोटले होते. हे पुस्तक त्यांच्या कामाविषयी आहे. प्रयोगांचे तपशील आतल्या पानांत आहेत; ते कुठल्या प्रश्नातून निघाले आणि आज कुणाच्या उपयोगी पडतात एवढेच मला इथे सांगायचे आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पिलेमर यांनी दिलेल्या उत्तरापेक्षा त्या उत्तरातून आपोआप उभा राहिलेला प्रश्न मोठा होता. रक्तातली मारक यंत्रणा कुणाच्या हुकमाची वाट न पाहता सदैव जागी असेल, तर ती आपल्याच पेशींना का मारत नाही? तिचा लगाम कुणाच्या हातात आहे? आज कॉम्प्लिमेंटवरची जी औषधे बाजारात आहेत, त्यांतली बहुतेक या प्रश्नाच्या पोटी जन्मली आहेत.

आधी थोडे मागे जावे लागेल. १८९५ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, मेच्निकॉफ यांच्या प्रयोगशाळेत, ज्यूल्स बोर्दे नावाचा पंचविशीतला बेल्जियन डॉक्टर कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत होता. (त्याच संस्थेत तीन वर्षांपूर्वी वाल्डेमार हाफकिन यांनी कॉलऱ्याची लस केली होती, परळच्या संस्थेमुळे ते नाव आपल्याला घरचे आहे.) लस टोचलेल्या प्राण्याचे सीरम जंतूंवर टाकले की जंतू विरघळत. तेच सीरम ५५ अंशांना तापवले की निकामी होई. मात्र त्या तापवलेल्या सीरममध्ये लस न टोचलेल्या, साध्या प्राण्याचे थोडे ताजे सीरम मिसळले की जंतू पुन्हा विरघळू लागत. साध्या प्राण्याचे ते सीरम एकटे टाकले, तर जंतूंना काहीच होत नसे.

बोर्दे यांनी यावरून जे ताडले ते आजही खरे आहे. काम दोघांचे आहे. एक घटक उष्णता सोसणारा, लसीनंतर तयार होणारा आणि नेमका तोच जंतू ओळखणारा. तो म्हणजे प्रतिपिंड, अँटिबॉडी. दुसरा उष्णतेने नासणारा, प्रत्येक प्राण्यात जन्मापासून असलेला; त्याला ओळख कुणाचीच नाही, पण मारण्याची ताकद त्याच्यातच आहे. या दुसऱ्याला पॉल एर्लिख यांनी कॉम्प्लिमेंट म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. १९१९ चे नोबेल पारितोषिक बोर्दे यांना मिळाले.

हे चित्र फार सुटसुटीत होते, आणि म्हणूनच ते पन्नास वर्षे कुणी हलवले नाही. निर्णय प्रतिपिंडाचा, अंमलबजावणी कॉम्प्लिमेंटची. ऑगस्ट फॉन वासरमान यांनी १९०६ साली याच तत्त्वावर उपदंशाची, म्हणजे बोलीतल्या गरमीची, तपासणी बसवली. ती कशी चाले हे पाहण्यासारखे आहे. रुग्णाचे सीरम तापवून त्यातले मूळचे कॉम्प्लिमेंट मारायचे. त्यात अँटिजन घालायचा आणि गिनीपिगच्या ताज्या सीरममधून मोजूनमापून कॉम्प्लिमेंट घालायचे. रुग्णाला रोग असेल तर त्याची प्रतिपिंडे अँटिजनला चिकटतात आणि ते कॉम्प्लिमेंट तिथेच खर्च होते. मग या नळीत मेंढीच्या तांबड्या पेशी टाकायच्या. त्यांच्यावर त्यांना ओळखणारी सशाची प्रतिपिंडे आधीच बसवलेली. कॉम्प्लिमेंट शिल्लक असेल तर पेशी फुटून नळी एकसारखी लालभडक, पारदर्शक होते. खर्च झाले असेल तर पेशी गुमान तळाशी बसतात आणि वर स्वच्छ पाणी राहते. नळी लाल झाली की रुग्ण सुटला. जगभरच्या इस्पितळांत ही तपासणी कित्येक दशके चालली, आणि त्या काळात बहुतेक डॉक्टरांच्या लेखी कॉम्प्लिमेंट म्हणजे गरमीच्या तपासणीत लागणारे एक रसायन, यापलीकडे काही नव्हते. ते शरीरात काय करते, हे विचारायची गरजच कुणाला वाटली नाही.

पिलेमर यांचा जन्म १९०८ चा, जोहान्सबर्गचा. लहानपणी कुटुंब अमेरिकेत आले आणि त्यांची उमेदीची सगळी वर्षे क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात गेली. प्रथिने शुद्ध करणे हा त्यांचा हातखंडा. १९४६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताचे विष स्फटिकाच्या रूपात वेगळे करून दाखवले. कुठलाही पदार्थ इतक्या शुद्ध रूपात हातात आला की त्यावर वाद घालायला जागा उरत नाही. प्रॉपर्डिनच्या बाबतीत नेमके हेच भाग्य त्यांना लाभले नाही, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवलेले बरे.

गोष्ट यीस्टपासून सुरू होते. यीस्टच्या पेशींची कवचे धुऊन, उकळून उरणारा एक न विरघळणारा गाळ आहे, त्याला झायमोसॅन म्हणतात. हा गाळ माणसाच्या सीरममध्ये ३७ अंशांना ढवळला की त्यातला सी-३ हा घटक नाहीसा होतो. पिलेमर आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी एन्रिके एकर यांनी १९४१ मध्ये यावर लिहिले होते. सर्वांचा समज असा की सी-३ गाळाला चिकटून बसत असेल. पिलेमर यांना ते पटेना, कारण तपमान बदलले की निकाल बदलत होता.

मग त्यांनी केलेला प्रयोग, माझ्या मते, या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग आहे. त्यांनी सीरम आणि झायमोसॅन १७ अंशांना एकत्र ठेवले. या तपमानाला सी-३ जागच्या जागी राहिला. गाळ फिरवून तळाशी बसवला, वरचे सीरम काढून घेतले आणि त्यात आता नवा, ताजा झायमोसॅन घालून ३७ अंशांना ठेवले. आता सी-३ नाहीसा व्हायला हवा होता, झाला नाही. म्हणजे १७ अंशांना गाळ काहीतरी वेगळेच घेऊन गेला होता, आणि त्या वेगळ्या कशाच्या तरी वाचून सी-३ खर्च होऊ शकत नव्हता. गाळावरून ते सोडवून पुन्हा सीरममध्ये घातले की सी-३ पुन्हा खर्च होऊ लागे. मॅग्नेशियम लागे. लस, पूर्वीचा संसर्ग, ओळखीचे प्रतिपिंड यांपैकी कशाचीही गरज दिसत नव्हती.

या पदार्थाला त्यांनी प्रॉपर्डिन नाव दिले आणि २० ऑगस्ट १९५४ च्या 'सायन्स' नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. दावा छोटा नव्हता. प्रॉपर्डिन, कॉम्प्लिमेंट आणि मॅग्नेशियम मिळून काही जीवाणू मारतात, काही विषाणू निष्प्रभ करतात आणि काही विकृत तांबड्या पेशी फोडतात, आणि हे सगळे निरोगी माणसाच्या साध्या रक्तात, प्रतिपिंडाची वाट न पाहता. बोर्दे-एर्लिख यांच्या चित्रात हुकमाविना हलणारा कुणी नव्हता. आता तो आला. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली, प्रयोगशाळांनी प्रॉपर्डिन मोजायला घेतले, आणि कर्करोगापासून किरणोत्सर्गाच्या आजारापर्यंत सगळ्याशी त्याचा संबंध जोडायची चढाओढ लागली.

इथेच घोडे अडले. प्रॉपर्डिन रक्तात असते फारच थोडे. एक मिलिलिटर सीरममध्ये सी-३ एक मिलिग्रॅमहून जास्त असतो. प्रॉपर्डिन फार तर पंचवीसेक मायक्रोग्रॅम. त्या काळच्या साधनांनी ते निर्भेळ काढणे अवघड होते. मोजायची पद्धत किचकट होती, आणि झायमोसॅनच्या प्रत्येक खेपेचा गुण वेगळा. एका प्रयोगशाळेत जमले ते दुसरीत जमेना.

१९५८ साली रॉबर्ट नेल्सन यांचा निबंध आला. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक माणसाच्या रक्तात यीस्टसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या गोष्टींविरुद्ध थोडी नैसर्गिक प्रतिपिंडे असतातच. १७ अंशांना गाळ तीच घेऊन जातो. म्हणजे प्रॉपर्डिन नावाचे नवे काही मानायची गरज नाही. जुना बोर्देचाच मार्ग, फक्त प्रतिपिंड कमी. बहुतेकांना हे पटले. सरळ, आटोपशीर स्पष्टीकरण हाताशी असताना नवा मार्ग कशाला गृहीत धरायचा, हा युक्तिवाद शास्त्रात गैर नाही.

तो निबंध पाहायला पिलेमर नव्हते. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी झोपेच्या औषधाच्या अतिमात्रेने त्यांचा मृत्यू झाला. वय ४९.

या ठिकाणी लेखणी घसरायचा मोह मोठा असतो. न समजलेला द्रष्टा, त्याला छळणारे टीकाकार आणि मरणोत्तर विजय असा साचा आपल्याकडे चरित्रलेखनात फार लाडका आहे. या पुस्तकाने तो मोह आवरला, म्हणून मी त्याला प्रस्तावना लिहायला आनंदाने होकार दिला. तारखाच पाहा: नेल्सन यांचा निबंध मृत्यूनंतर छापून आला. शंका त्याआधीच हवेत होत्या हे खरे, पण एका माणसाच्या मृत्यूचे कारण दुसऱ्याच्या निबंधात शोधणे हा उथळपणा झाला. शिवाय नेल्सन अर्धे बरोबर होते. पिलेमर यांच्या प्रॉपर्डिनमध्ये प्रतिपिंडांची भेसळ खरोखरच होती. अशुद्ध पदार्थावरून काढलेला निष्कर्ष खरा ठरला म्हणून तो पदार्थ शुद्ध होता असे होत नाही. पिलेमर यांचा मोठेपणा त्यांनी विचारलेल्या प्रश्नात आहे, आणि तो तेवढा पुरेसा आहे.

त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी अर्विन लेपो यांनी हे सगळे जवळून पाहिले होते. पुढे १९८० साली अमेरिकेतल्या इम्युनॉलॉजिस्टांच्या संघटनेचे अध्यक्षीय भाषण करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कामाऐवजी पिलेमर, प्रॉपर्डिन आणि शास्त्रातले वाद हा विषय घेतला. गुरूबद्दल लिहिताना ना आरती, ना हिशेब चुकते करणे. ज्यांना विज्ञानाच्या इतिहासात रस आहे त्यांनी ते भाषण जरूर मिळवून वाचावे.

प्रॉपर्डिन परत आले ते शुद्धतेच्याच वाटेने. १९६८ मध्ये लेपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते निर्भेळ रूपात मिळवले आणि ते प्रतिपिंडांच्या कुळातले नाही हे दाखवले. १९७० च्या सुमारास जन्मतःच सी-४ नसलेले गिनीपिग सापडले. बोर्देचा मार्ग सी-४ वाचून पुढे सरकत नाही, तरीही या प्राण्यांच्या सीरममध्ये सी-३ खर्च होत होता. म्हणजे दुसरी वाट आहेच. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत ग्योत्झे आणि म्युलर-एबरहार्ड यांनी त्या वाटेवरचे घटक नावानिशी मांडले. आणि १९८२ साली स्वीडनमध्ये एका कुटुंबातल्या पुरुषांत प्रॉपर्डिन मुळातच नाही असे आढळले. त्या घरात मेनिन्गोकॉकस या जंतूच्या संसर्गाने तडकाफडकी मृत्यू झाले होते. प्रॉपर्डिनची गरज आहे का, याचे उत्तर शेवटी प्रयोगशाळेबाहेर, एका घराण्याच्या दुर्दैवाने दिले.

आता त्या मुख्य प्रश्नाकडे. आज आपल्याला माहीत आहे की सी-३ रक्तात स्वस्थ बसलेला नसतो. त्याच्या रेणूत एक नाजूक बंध आहे. तो पाण्याच्या संपर्काने, कुणी न सांगता, अधूनमधून तुटत राहतो. असा उघडलेला रेणू बी आणि डी या दोन घटकांच्या मदतीने एक विकर तयार करतो, आणि ते विकर आणखी सी-३ कापत सुटते. कापलेला प्रत्येक तुकडा जवळच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि तिथे नवे विकर बांधतो. पृष्ठभाग जंतूचा असेल तर बघता बघता त्याच्यावर तुकड्यांचा थर साचतो. प्रॉपर्डिनचे काम आता स्पष्ट झाले आहे: हे विकर एरवी साधारण ९० सेकंदांत निम्मे विस्कटते, प्रॉपर्डिन त्याला धरून ठेवून त्याचे आयुष्य पाच ते दहा पटींनी वाढवते.

पण मग पृष्ठभाग आपल्याच मूत्रपिंडाचा असेल तर? त्यासाठी शरीराने लगामांची अख्खी फौज ठेवली आहे. फॅक्टर एच रक्तात फिरतो, आपल्या पेशींवरच्या खुणा ओळखून तिथले विकर मोडतो. फॅक्टर आय उरलेला तुकडा कापून निकामी करतो. पेशींच्या अंगावर सीडी-५५ आणि सीडी-५९ ही प्रथिने पहाऱ्याला असतात. मोजून पाहिले तर कॉम्प्लिमेंटमध्ये मारणाऱ्यांइतकेच आवरणारे आहेत. लगाम नसला तर काय होते ते नागाने दाखवून दिले आहे. नागाच्या विषात सी-३ सारखा दिसणारा एक घटक असतो. त्याच्यापासून तेच विकर बनते, पण त्यावर फॅक्टर एच आणि आय यांची मात्रा चालत नाही. परिणाम असा की ९० सेकंदांऐवजी ते विकर सुमारे सात तास टिकते आणि रक्तातला सगळा सी-३ संपवून टाकते. विषाने कॉम्प्लिमेंट नष्ट होते हे फ्लेक्सनर आणि नोगुची यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाहिले होते. का होते, हे कळायला पिलेमरचा मार्ग मान्य व्हावा लागला.

करोनानंतर आपल्याकडे 'इम्युनिटी वाढवणारे' काढे, गोळ्या आणि लाडूसुद्धा आले. कॉम्प्लिमेंटचा अभ्यास केलेल्या माणसाला त्या जाहिराती वाचून हसू येते आणि थोडी भीतीही वाटते. कारण त्याने लगाम सुटलेले रुग्ण पाहिलेले असतात.

त्यातला एक आजार पीएनएच. यात अस्थिमज्जेतल्या एका पेशीत पिग-ए नावाच्या जनुकात बिघाड होतो. तिच्यापासून निघालेल्या तांबड्या पेशींना सीडी-५५ आणि सीडी-५९ अंगावर धरून ठेवता येत नाहीत. अशा उघड्या पेशी कॉम्प्लिमेंट फोडत राहते. सकाळची लघवी काळपट, कोकच्या रंगाची होते, रक्त कमी होते, आणि नको तिथे गुठळ्या होतात. टॉमस हॅम यांनी १९३७ मध्ये या आजारासाठी एक तपासणी काढली होती: सीरम किंचित आम्लधर्मी केले की रुग्णाच्या पेशी फुटतात. त्यात प्रतिपिंड कुठेच नव्हते, म्हणजे पर्यायी मार्ग त्या नळीत पिलेमर यांच्या सतरा वर्षे आधीच चालू होता. १९५६ मध्ये पिलेमर यांच्याच गटाने दाखवले की या पेशी फुटायला प्रॉपर्डिन लागते. त्यांच्या सगळ्या दाव्यांतला हा सर्वांत भक्कम दावा होता, आणि वादाच्या धुरळ्यात त्याच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

पीएनएचवर पहिले नेमके औषध २००७ साली आले: एक्युलिझुमॅब. हे प्रतिपिंड सी-५ ला अडवते, म्हणजे पेशीला भोक पाडणारी शेवटची पायरीच बंद करते. कॉम्प्लिमेंट सापडल्यापासून त्यावरचे हे औषध यायला ११२ वर्षे लागली. ते घेणाऱ्याला मेनिन्गोकॉकसची लस आधी द्यावी लागते. स्वीडनच्या त्या घराण्याने शिकवलेला धडा इथे कामी येतो. किंमत मात्र अशी की वर्षाला चार लाख डॉलरच्या वर जाई. भारतातल्या बहुसंख्य रुग्णांसाठी असे औषध असून नसल्यासारखे, हे स्पष्ट लिहायला हवे.

पुढच्या औषधांच्या कथेत पुण्याचा धागा आहे. १९९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन लॅम्ब्रिस यांच्या प्रयोगशाळेत सी-३ ला चिकटून त्याचे कापले जाणेच रोखणारा एक छोटा पेप्टाइड शोधला गेला, कॉम्पस्टॅटिन. त्या निबंधाचे पहिले लेखक अरविंद साहू. ते पुढे पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये आले. त्याच पेप्टाइडच्या वंशातले पेगसेटाकोप्लॅन हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत पीएनएचसाठी मंजूर झाले. पुण्यात साहू यांच्या गटाने हाताळलेला विषय मला अधिक मोहक वाटतो. देवीच्या लशीतला व्हॅक्सिनिया आणि कपोसी सार्कोमाचा हर्पीस विषाणू हे दोन्ही माणसाच्या लगामांसारखी प्रथिने स्वतः बनवतात आणि कॉम्प्लिमेंटला चकवतात. विषाणूंनाही कळले होते की हल्ला परतवण्यापेक्षा लगाम चोरणे सोपे.

ही सगळी चर्चा दुर्मिळ आजारांची वाटेल, पण पिलेमरचा मार्ग आपल्या गावातल्या बालरोगतज्ज्ञांच्या टेबलावर रोज येतो. मुलाच्या अंगावर खरजेचे पिकलेले फोड येतात किंवा घसा येतो. दोन-तीन आठवड्यांनी सकाळी चेहरा सुजतो, लघवी कोऱ्या चहासारखी होते, रक्तदाब चढतो. रिपोर्टवर सी-३ कमी आणि सी-४ जागेवर असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाट कळते: बोर्देच्या मार्गाने जाताना सी-४ खर्च व्हायलाच हवा, तो शाबूत आहे, म्हणजे सी-३ प्रामुख्याने पर्यायी मार्गाने खर्च झाला. बहुतेक मुले आपोआप बरी होतात आणि सी-३ सहा ते आठ आठवड्यांत जागेवर येतो. तसा तो आला नाही, तर लगामातच काही दोष असल्याचा संशय घ्यायचा, म्हणून सूज उतरल्यावरही ती तपासणी पुन्हा करायची असते. आईबाप अनेकदा ती टाळतात. ल्युपसच्या रुग्णात, उलटपक्षी, सी-३ आणि सी-४ दोन्ही घसरतात.

लगाम दुसऱ्या तऱ्हेनेही सुटतो. अटिपिकल एचयूएस या आजारात मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या कॉम्प्लिमेंटच्या माऱ्यात सापडतात. पाश्चात्त्य देशांत बहुधा जनुकांतला दोष सापडतो. दिल्लीच्या एम्समधल्या अरविंद बग्गा यांच्या गटाने दाखवले की भारतीय मुलांत निम्म्याहून अधिक वेळा फॅक्टर एच विरुद्ध शरीरानेच प्रतिपिंडे केलेली असतात. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे: वेळेत प्लाझ्मा बदलून आणि प्रतिपिंडे दाबणारी, तुलनेने स्वस्त औषधे देऊन यांतली बरीच मूत्रपिंडे वाचवता येतात. म्हाताऱ्या डोळ्यांतही हाच फॅक्टर एच भेटतो. २००५ साली तीन गटांनी एकाच वेळी दाखवले की त्याच्या ४०२ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले असेल, तर उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याचा धोका वाढतो. डोळ्यात टोचायची कॉम्प्लिमेंटरोधक औषधे अमेरिकेत २०२३ पासून मिळतात. ती झीज मंदावतात, पण रुग्णाला दिसते किती, यात फारसा फरक अजून दाखवता आलेला नाही. इथे उत्साहाला आवर घातलेला बरा.

शेवटी पुन्हा क्लीव्हलँड. लेपो यांनी सी-१ या पहिल्याच घटकाकडे मोर्चा वळवला. त्याला आवरणारे एक प्रथिन, सी-१ इन्हिबिटर, सीरममध्ये असते हे त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, आणि १९६३ मध्ये व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि त्यांचे सहकारी इव्हान्स यांनी सांगितले की एका आनुवंशिक सुजेच्या आजारात नेमके तेच कमी असते. हा आजार विल्यम ऑस्लर यांनी १८८८ मध्ये एका घराण्याच्या पाच पिढ्यांत पाहून नोंदवला होता. मारा या खेपेला कॉम्प्लिमेंटचा नसतो. तेच प्रथिन ब्रॅडिकायनिन तयार करणाऱ्या साखळीलाही आवरते, आणि सूज त्या ब्रॅडिकायनिनमुळे येते. पण खूण कॉम्प्लिमेंटमध्येच उमटते: सी-३ ठीक, सी-४ कमी.

या पुस्तकातले रसायनशास्त्र ज्यांना जड जाईल त्यांनी १९५४ ते १९५८ ची प्रकरणे आधी वाचावीत आणि मग मागे यावे. आणि एक विनंती सगळ्यांनाच. ज्यांच्या घरात कुणाचे अधूनमधून ओठ, पापण्या, हात किंवा पाय सुजतात, दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतात, अंगावर पित्ताच्या गांधी उठत नाहीत, खाज नसते, अ‍ॅलर्जीच्या गोळीने फरक पडत नाही, मधूनच पोटात असह्य कळा येतात, आणि वडिलांना किंवा आजीलाही असेच होत असे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना सी-४ आणि सी-१ इन्हिबिटर या तपासण्यांबद्दल विचारावे. सूज घशात आली, आवाज बदलला किंवा गिळता येईना, तर रिपोर्टची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.